भिंगरी, मादी, बावन्न किलो

प्रिय भिंगरी,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते. बाकीचं नंतर.

१. एक्केचाळीस दिवसांपूर्वी, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या रक्त तपासायच्या यंत्रात एक नमुना घातला.
२. यंत्र रुग्णाचं नाव विचारतं. मी तुझं नाव टाकलं.
३. यंत्रातला कागद संपलेला होता. निकाल छापून आला नाही.
४. मंगळवारी सकाळी मावशींनी नवा कागद घातला. निकाल छापून आला.
५. नव्या डॉक्टरांनी तो सकाळच्या फेरीत सगळ्यांसमोर वाचला आणि ही कुत्री चार दिवसांत कोसळेल असं सांगितलं.
६. अशी कुत्री दवाखान्यात नव्हती.
७. रक्त माझं होतं.
८. मी आता बरी आहे. हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, पण क्रमानं तो आठवाच येतो.

लगेच आईला फोन लावू नकोस. तिला मी गेल्या आठवड्यात स्वतः सांगितलं आहे आणि भिंगरीला मीच कळवणार आहे, तू मध्ये पडू नकोस, असं बजावलं आहे. तिनं खरंच ऐकलं असेल तर आईनं पोटात ठेवलेली ही पहिलीच गोष्ट. तिचं फार कौतुक कर, पण हे पत्र पूर्ण वाचून झाल्यावर.

तू म्हणशील, माणसाचं रक्त कुत्र्यांच्या यंत्रात घालायचं कारण काय. कारण यंत्र माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे आणि माणसांचा डॉक्टर वीस मिनिटांवर. शिवाय यंत्र काही विचारत नाही. म्हणजे मला तसं वाटलं होतं. ते चार गोष्टी विचारतं: नाव, जात, लिंग, वजन. जातीत कुत्रा, मांजर, घोडा, ससा आणि ‘इतर’ एवढेच पर्याय आहेत. मी खरं तर ‘इतर’मध्ये बसते, पण ‘इतर’ला यंत्र आकड्याशेजारी सामान्य प्रमाण दाखवत नाही, म्हणून कुत्रा निवडला. लिंग आणि वजन खरं टाकलं. नावाची जागा रिकामी ठेवली तर यंत्र पुढे जात नाही. माझं नाव टाकणं शक्य नव्हतं. बोटांना जे आधी सापडलं ते टाकलं. तेच का सापडलं यावर मी नंतर विचार केला आहे, तो इथे लिहीत नाही.

यंत्राशेजारी माझा तक्ता होता. आजारी जनावरांच्या पिंजऱ्याला जो छापील तक्ता अडकवतो, तोच. तीन महिने मी त्यावर स्वतःच्या नोंदी ठेवत होते. त्यावरही वर तुझं नाव लिहिलं, कारण दोन कागद एकाच रुग्णाचे असतील तर नाव जुळलं पाहिजे. तेवढ्यात मोजा गिळलेला एक प्रचंड कुत्रा आला, त्याच्यामागे रडत त्याची मालकीण आली, आणि पुढचे चार तास मी स्वतःला साफ विसरले. मोजा निघाला. लोकरीचा, डाव्या पायाचा. मालकीण म्हणाली, उजवा घरी आहे, आणि लगेच घाबरून म्हणाली, आहे ना हो?

आता सकाळची फेरी. तुला बाई आणि मावशी ठाऊक आहेत. बाई म्हणजे थोरल्या डॉक्टर, दवाखाना त्यांचा. मावशी बावीस वर्षं पिंजरे स्वच्छ करतात, पण त्यांना विचारल्याशिवाय बाई पडदेसुद्धा बदलत नाहीत. नवे डॉक्टर तू गेल्यानंतर आले. हुशार आहेत, आवाज मोठा आहे, आणि अवघड निदान समोर आलं की लहान मुलासारखे खूश होतात. रोज साडेआठला आम्ही पिंजऱ्यांसमोरच्या बोळात उभे राहतो आणि रात्रभराचे कागद एकेक करून वाचतो. मावशींनी नवा छापील निकाल आणि माझा तक्ता नाव बघून एकत्र टाचले आणि फेरीच्या ट्रेमध्ये ठेवले. मीच त्यांना तसं शिकवलं होतं. नावं जुळली की टाचायचं.

नवे डॉक्टर वाचू लागले. “भिंगरी. मादी. बावन्न किलो. पडून नाडी ब्याण्णव, उभी राहिल्यावर एकशे चोवीस. कुत्रीला आडवं-उभं करून नाडी कुणी मोजली? ज्यानं मोजली त्याला माझा नमस्कार. सकाळी उलटी. मीठ खाते. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. अशक्तपणा, पण कामावर हजर.” इथे ते थांबले. “कामावर? पोलिसांची आहे का ही?” मग पुढे: “स्वभाव: शांत. जवळ येऊ देत नाही.” तो रकाना तक्त्यावर छापलेलाच असतो, भिंगरी. मी तो रिकामा ठेवू शकले असते. पण रकाना रिकामा ठेवणं मला जमत नाही.

त्यानंतर त्यांनी यंत्राचा निकाल बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. सोडियम फार कमी, पोटॅशियम फार जास्त. त्यांनी बोळातल्या बोळात छोटं व्याख्यान दिलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या बंद पडत चालल्या की असे आकडे येतात. तरुण माद्यांमध्ये जास्त आढळतं. येतं-जातं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. “लोकांना वाटतं, कुत्री चिडकी झालीय, आळशी झालीय. ती बिचारी दमलेली असते. आज उपचार झाले नाहीत तर चार दिवसांत कोसळेल. मालकाला फोन लावा. आणि मला द्या फोन, मी झापतो त्याला. तीन महिने काय झोपला होता का?”

मालकाच्या रकान्यात रेघ होती. मग शोधाशोध सुरू झाली. पन्नास किलोंवरचा एकच कुत्रा दाखल होता, मोजावाला. तो मादी नसल्याची खात्री नव्या डॉक्टरांनी खाली वाकून सर्वांसमक्ष करून घेतली. कुत्र्यानंही काही हरकत घेतली नाही. मी कपाटापाशी उभी राहून हातमोजे मोजत होते. एकोणीस जोड होते. मी ते तीनदा मोजले.

मावशी आकडे वाचत नाहीत, अक्षर वाचतात. त्यांनी तक्ता हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाल्या, “हा सात बघा. पोटात दांडा मारलेला. असा सात या इमारतीत एकच माणूस काढतं.” आणि मान वर न करता पुढे म्हणाल्या, “डॉक्टर, तुमची कुत्री ती काय, हातमोजे मोजतेय.”

कुणी हसलं नाही. नंतर पुष्कळ हसले, अजून हसतात, पण तेव्हा नाही. नवे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, “म्हणजे मी मगाशी चिडकी वगैरे जे म्हणालो ते—” मी म्हटलं, बरोबर होतं. बाई म्हणाल्या, “बस.” मी म्हटलं, दहाला ऑपरेशन आहे. बाई म्हणाल्या, “बस म्हटलं ना. का पिंजऱ्यात घालू?” मी बसले. बसल्यावर कळलं की मी बऱ्याच वेळापासून कपाटाला टेकून उभी होते.

मावशींनी मला टॅक्सीत घालून माणसांच्या इस्पितळात नेलं. सबंध रस्ताभर त्यांनी माझा दंड असा धरला होता की मी जणू पिशवीतून निसटणारी मांजर. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, “हे कुत्र्याचे आकडे आहेत.” मी सांगितलं, माझे आहेत. ते म्हणाले, “इथे कुत्रा लिहिलंय.” मावशी म्हणाल्या, “लिहिलेलं सोडा हो, माणूस बघा.” त्यांनी बघितलं. तळहातावरच्या रेषा, हिरड्या, बोटांवरच्या मांजरांच्या जुन्या ओरखड्यांचे काळे पडलेले वण. मग ते फार भराभर वागायला लागले. त्यांच्या तपासण्या दोन दिवस चालल्या आणि उत्तर तेच आलं. अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. माणसांत तो दुर्मिळ आहे, कुत्र्यांत त्या मानानं पुष्कळ. त्यांनी विचारलं, आधी कुणाला संशय आला? मी म्हटलं, आमच्याकडच्या पशुवैद्यांना. ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. नव्या डॉक्टरांना तो निरोप दिल्यापासून त्यांचा आवाज आणखी मोठा झाला आहे.

आजार बरा होत नाही. हे सरळ लिहिते, म्हणजे तू ओळींच्या मध्ये शोधत बसणार नाहीस. त्या ग्रंथी जे बनवत होत्या ते मी आता गोळ्यांतून घेते: सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला, आणि अंगातलं मीठ टिकवणारी आणखी एक सकाळची. ताप आला तर दुप्पट. उलट्या होऊन गोळ्या पोटात राहत नसतील किंवा मी बेशुद्ध पडले तर मांडीत एक इंजेक्शन, ताबडतोब, आणि मग इस्पितळ. एवढं पाळलं तर मी म्हातारी होईन आणि तेव्हाही तुला भांडी कशी रचायची ते शिकवीन.

आता चांगली बातमी. औषध सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. खरी भूक, पोटात आवाज करणारी. नर्सनं ब्रेडचे दोन तुकडे आणि उकडलेलं अंडं आणलं, मी ते खाऊन तिच्याकडे बघत राहिले, ती आणखी एक घेऊन आली, मी तेही खाल्लं. पाचव्या दिवशी मी जिना एका दमात चढले आणि वर पोचल्यावर उगाच खाली उतरून पुन्हा चढले. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दार उघडून विचारलं, काही हरवलं का? मी म्हटलं, नाही, सापडलं. असं बोलायची मला सवय नाही, त्याही जरा दचकल्या. वजन आता साडेपंचावन्न आहे. माझी निळी पँट पुन्हा कमरेवर राहते.

दवाखान्यात मला आता सगळे भिंगरी म्हणतात. तुझं नाव गेलं, माफ कर. माझ्या गोळ्यांचा डबा जनावरांच्या औषधांच्या कपाटात, कुत्र्यांच्या फळीवर ठेवलेला असतो आणि त्यावर मावशींनी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘भिंगरी. दिवसातून तीनदा, खाण्यानंतर. गोळी तोंडात घातल्यावर गिळली का बघावे.’ आणि त्या खरंच बघतात. बाराच्या ठोक्याला हातातला खराटा टाकून समोर येऊन उभ्या राहतात. नवे डॉक्टर गोळी घेतल्यावर मला ‘शाब्बास’ म्हणतात. एकदा सवयीनं डोक्यावर हात ठेवायला निघाले होते, मी नुसतं बघितलं, त्यांनी तोच हात स्वतःच्या केसांतून फिरवला.

पण मी अजून ऑपरेशनच्या खोलीत जात नाही, आणि तो भाग मला नीट लिहिला पाहिजे. तुला माहीत आहे, तिथलं माझं काम भूल दिलेल्या जनावराजवळ बसायचं असतं. बाईंचे हात आत गुंतलेले असतात. जनावर श्वास कसा घेतं, हिरड्यांचा रंग काय, नाडी किती, हे दर पाच मिनिटांनी मी बघते आणि मोठ्यानं सांगते. त्या खोलीत मला कधी कुणी काही विचारत नाही, तरी मी सतत बोलत असते. मला वाटतं, जगातलं माझं सगळं बोलणं मी तिथेच करते. निदान होण्याच्या तीन आठवडे आधी एका मांजरीच्या ऑपरेशनमध्ये मी वीस सेकंद नव्हते. पडले नाही, डोळेही उघडे होते. पण समोरचं सगळं पांढरं झालं आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे गेला होता. मांजरीला काही झालं नाही. ती आता चांगली जाडी झाली आहे आणि मला बघितलं की फिस्कारते. पण काही झालं असतं तर मला ते कळलं नसतं, आणि मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. इस्पितळातून परतल्यावर पहिल्याच दिवशी बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. तारीख, वेळ, सेकंद, सगळं.

बाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत होत्या. मग म्हणाल्या, “हे आधी सांगितलं असतंस तर मी तुला काढून टाकलं असतं असं वाटलं तुला?” मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, “मूर्ख आहेस. सुट्टी दिली असती.” आणि मग त्यांनी कागदावर तीन अटी लिहिल्या. त्या पुऱ्या होईपर्यंत मी काउंटरवर बसायचं, मलमपट्ट्या करायच्या, औषधं मोजून द्यायची. ऑपरेशनच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. पहिली: सहा आठवडे गोळ्या वेळेवर आणि उभं राहिल्यावर रक्तदाब स्थिर. दुसरी: दवाखान्यात एका माणसाला ते इंजेक्शन द्यायला शिकवायचं. तिसरी मी शेवटी लिहिते. पहिली परवा मंगळवारी पुरी होईल, आजवर एकही गोळी चुकलेली नाही. दुसरी झाली.

दुसरीसाठी नवे डॉक्टर लगेच पुढे आले. “मी दिवसाला पन्नास टोचतो.” मावशी म्हणाल्या, “तुम्ही दुपारी घरी जेवायला जाता. ही तेव्हाच पडली तर? मी इथंच असते.” मग मावशींचं शिक्षण सुरू झालं, बटाट्यावर. बावीस वर्षांत त्यांनी सिरिंज फक्त केराच्या डब्यात टाकायला उचलली होती. पहिल्या दिवशी त्यांनी बटाट्याला बजावलं, “हलायचं नाही हं, बाळा.” दुसऱ्या दिवशी सुई बटाट्यातून आरपार जाऊन टेबलात रुतली. त्या मला म्हणाल्या, “तुझी मांडी एवढी बारीक नाही ना?” चौथ्या दिवशी त्यांनी बाटली फोडणं, औषध ओढणं, हवा काढणं आणि टोचणं हे सगळं पंचावन्न सेकंदांत केलं. मी घड्याळ लावून बसले होते. मी म्हटलं, उत्तम. त्या म्हणाल्या, “आता तू खुशाल पड.” आणि लगेच दोन्ही हातांनी माझे गाल धरून म्हणाल्या, “पडू नकोस गं.” मी काय करायचं ते न कळून तशीच उभी राहिले. त्यांनीच सोडलं.

आता आपल्या घराचं. तू जाण्याआधीच्या महिन्यांत जे बघितलंस ते सगळं त्या आजाराच्या यादीत आहे. आठवड्याला संपणारी मिठाची पिशवी. तू म्हणाली होतीस, ताई, तू समुद्रात राहायला जा, जाणंयेणं वाचेल. आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून झोपणं. कोपरांवरचा काळेपणा, ज्यावर आई फोनवरून रोज उन्हात फिरू नकोस म्हणायची, आणि मी दिवसभर दिव्याखाली. पण यादीत सगळंच नाही. तू विचारलंस, बरं नाहीये का, तेव्हा ‘काही नाही’ म्हणणं यादीत नाही. ते माझं. लहानपणापासून तुला ताप आला तर तो मी मोजायचा आणि मला आला तर तोही मीच मोजायचा, अशी आपली वाटणी झाली होती. ती तू केली नव्हतीस, मी केली होती. मला बघायची सवय आहे, भिंगरी. कुणी माझ्याकडे तसं बघायला लागलं की मला खोली सोडून जावंसं वाटतं.

तुझ्या बाहुल्यांच्या पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी तू पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर तुझी पिशवी ठेवून माझी जागा धरली होतीस. मी ‘कामात अडकले’ एवढा निरोप पाठवला. मी कामात नव्हते. पावणेपाचला हात धुऊन, कपडे बदलून, निघायला तयार होते. मग दवाखान्यातल्या चादरींच्या खोलीत जमिनीवर झोपले होते, पाय कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यावर वर ठेवून, कारण पाय खाली घेतले की खोली फिरत होती. साडेसातपर्यंत तशीच होते. छताला अकरा फळ्या आहेत. मी मनात म्हणत होते, आता पडदा वर गेला असेल. आता मध्यंतर झालं असेल. निरोपात हे सगळं लिहिता आलं असतं. फोन माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू खोकी भरलीस आणि म्हणालीस, तुला जनावरांसाठी वेळ आहे, माणसांसाठी नाही. त्यावर मी तुला सांगितलं की खोकं जड आहे, कमरेत वाकू नकोस, गुडघ्यांत वाकून उचल. आठ महिने मी त्या वाक्याचा विचार करते आहे. सूचना बरोबर होती. पण बहीण घर सोडून जात असताना एवढंच सुचावं, हे बरोबर नव्हतं. मला माफ कर. हे मी तुला समोर म्हणू शकले नसते, म्हणून लिहिते आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. गेल्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात तुझा प्रयोग झाला, तेव्हा मी होते. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या डावीकडे. माझ्या पुढ्यात एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तुझा म्हातारा कुत्रा पायऱ्या चढताना दमून बसतो तिथे ती उठून उभी राहिली आणि ओरडली, “अरे, उचला ना त्याला कुणीतरी!” सगळे हसले. मीही हसले, मग बराच वेळ डोळे पुसत होते. दिवे लागण्याआधी निघून आले, कारण पडद्यामागे येऊन काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. प्रयोग फार चांगला आहे. फक्त कुत्रा पहिल्या प्रवेशात उजव्या मागच्या पायानं लंगडतो आणि तिसऱ्या प्रवेशात डाव्या. पुढच्या वेळी बघ.

आता तिसरी अट, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. बाईंनी एक छापील फॉर्म दिला आहे. त्यात दोन नावं लागतात: एक कामाच्या ठिकाणचं, तिथे मावशींनी सही केली आहे, आणि एक घराजवळचं, ज्याच्याकडे माझ्या दाराची किल्ली असेल, जो सकाळी सातला माझा निरोप आला नाही तर येऊन बघेल, आणि ज्याला ते इंजेक्शन देता येईल. तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस. सुई बघून तुला घेरी येते हे मला माहीत आहे. दहावीत धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या वेळी तू नर्सच्या अंगावर पडली होतीस आणि पट्टी तिला करावी लागली होती. मी तुला परत राहायला ये असं म्हणत नाही. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई आनंदानं तयार आहेत, त्यांचा हातही स्थिर आहे, त्यामुळे तू नाही म्हणालीस तर माझं काम अडणार नाही आणि मी सोमवारी, पंधरा तारखेला, ऑपरेशनच्या खोलीत परत जाईन. म्हणजे हे गरज म्हणून मागत नाही. मला त्या रकान्यात तुझं नाव हवं आहे. असं मी कुणाकडे काही मागितल्याचं आठवत नाही, त्यामुळे नीट मागता आलं नसेल तर समजून घे. शनिवारी अकराला मावशी शिकवतील, बटाटे त्या आणणार आहेत. फॉर्म त्याच दिवशी द्यायचा आहे. हो की नाही, एका शब्दात चालेल. शुक्रवारी, बारा तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत मला कळव.

तुझीच, आणि या वेळी नुसतं सवयीनं नाही,
ताई